फुग्याला भरवलेला घास

सरहद्दीवर लढाई चालू होती, पलटणी गाड्या भरभरून कल्याणावरनं वर चाललेल्या, त्या साली आमच्या आत्याने सरकारचा फुगा शिवला. फुगा म्हणजे पोरं दिवाळीत कागदाचा सोडतात तो नव्हे. रेशमी कापडाचा, वर रोगण चोपडलेला, दोन मजली घराएवढा. त्यात लोखंडी नळकांड्यांतली हलकी हवा भरायची, खाली वेताची टोपली बांधायची, टोपलीत साहेब बसणार आणि दोर सोडला की वर जाऊन दुर्बिणीने बघणार, दुश्मन कुठल्या डोंगराआड भाकऱ्या भाजतोय ते.

बोटीतनं येताना खारं पाणी लागून त्याच्या काही पट्ट्या कुजलेल्या. पलटणीचा दर्जी तापाने झोपलेला. मग साहेबाने टेशनाजवळ एक गोदाम घेतलं आणि बारीक हाताच्या बायका शोधायला गावात माणूस धाडला. तो सरळ आमच्या दारात. आम्ही शिंपी, घाटावरनं येऊन पारनाक्याला दुकान टाकलेलं. कपडा बेतण्यात माझा बाप हुशार, पण टाका बघावा तो आत्याचा. ती विधवा, आमच्याकडेच राहायची आणि अख्ख्या आळीच्या गोधड्या शिवायची. ती आणि शेजारच्या दोघी अशा तिघी जाऊ लागल्या. चौथा मी, दुभाष्या. मी इंग्रजी पाचवीपर्यंत शिकलेलो. पुढचंही शिकलो असतो, पण हेडमास्तरांची नक्कल करताना मला हेडमास्तरांनीच बघितलं.

साहेब लाल, उंच, मिशा पिवळ्या. चालताना असा वाकायचा की जणू प्रत्येक दरवाजा त्याच्यावर रागावलाय. त्याचं हिंदुस्थानी मी दोन दिवसांत उचललं. "टाका चोटा मांगटा, बहोट चोटा," असं मी नाकातनं म्हटलं की बायका हसून सुया खाली ठेवायच्या. एकदा साहेब खरंच आत आला आणि तेच बोलला. तिघींपैकी एकही हसली नाही. तो गेल्यावर शेजारीण म्हणाली, याला तुझ्याइतकं जमत नाही.

पंधरा दिवसांत पट्ट्या बसल्या. दुहेरी टीप, टिपेवर रेशमाची पट्टी, पट्टीवर रोगण. शेवटची टीप आत्याने स्वतः घातली. बंद करायच्या आधी तिने कनवटीची पुरचुंडी सोडली, गूळ-तूप लावलेला पोळीचा तुकडा काढला, पट्टीच्या आत सारला आणि वरनं टाका मारला. मी समोर बसलेलो. मला त्यात काहीच वेगळं दिसलं नाही. आमच्याकडे गोधडी पुरी झाली की तिला घास भरवतात, उपाशी ठेवत नाहीत. उपाशी गोधडी ऊब देत नाही म्हणतात. शेजारणींनी हात जोडले, मीही जोडले, फुगा घडी करून कोपऱ्यात ठेवला.

नळकांडी मुंबईहून यायला आठवडा लागला. ती आली तसा मैदानात फुगा पसरला, जाळी चढवली, हवा सोडली. सगळं कल्याण जमलेलं, झाडांवरसुद्धा माणसं. फुगा उठला, गोल झाला, लोकांनी आरोळी ठोकली. आणि मग जेवून सुस्तावलेल्या माणसासारखा तो एका बाजूला कलायला लागला. अर्ध्या तासात पोट गळून खाली.

साहेबाने पट्टी न् पट्टी तपासली. शेवटच्या टिपेजवळ सुपारीएवढं भोक निघालं.

त्याने आम्हाला गोदामात उभं केलं, दाराशी दोन गोरे शिपाई. नक्कल करायला आयता प्रसंग होता, पण मी शिपायांच्या बंदुका बघत होतो. साहेब हळू बोलत होता, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट. लढाईच्या काळात कुणीतरी सरकारी फुग्याला सुरी लावलीय, तो म्हणाला. उद्या हा वर असताना फाटला असता तर त्याची माणसं मेली असती. कुणी केलं ते आत्ता सांगा, नाहीतर तिघींना ठाण्याच्या तुरुंगात धाडतो. मी ते मराठीत सांगितलं. शेजारणी रडायला लागल्या. आत्या पुढे झाली आणि भोकाच्या कडेवरनं बोट फिरवलं.

"उंदीर आहे. सुरी असं कुरतडत नाही. सांग त्याला."

मी सांगितलं. साहेबाने विचारलं, एवढा मोठा फुगा सोडून उंदराने बरोबर तीच जागा कशी काढली? मला उत्तर माहीत होतं, पण ते द्यायचं नव्हतं. म्हणून म्हटलं, आमच्याकडचे उंदीर फार चोखंदळ असतात. साहेब हसला नाही. त्याने टीप उसवायला लावली.

आतनं अर्धी कुरतडलेली पोळी पडली.

मला वाटलेलं, आता सुटलो, उंदीर साबित झाला. पण साहेबाचं तोंड पांढरं पडलं. तो दोन पावलं मागे सरला आणि शिपायांनी बंदुका सावरल्या. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सत्तावनच्या बंडाच्या आधी वरच्या मुलखात गावोगाव पोळ्या फिरल्या होत्या, कशासाठी ते साहेबलोकांना शेवटपर्यंत कळलं नव्हतं. बंड झालं तेव्हा माझा जन्मही नव्हता, पण गोष्ट आमच्या न्हाव्यालाही पाठ होती. आणि आता सरकारी फुग्याच्या पोटातनं पोळी निघालेली.

ही कुणी पाठवली, साहेबाने विचारलं. मी सांगणार होतो की बाईला काही माहीत नाही, पोळी चुकून पडली असेल. आत्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. लहानपणापासून माझं खोटं ती मी बोलायच्या आधीच ओळखायची.

"अरे, लपवतोस काय मेल्या? मी ठेवली म्हणून सांग. त्याचाच जीव टांगून हा फुगा वर जाणार ना? म्हणून तर तूप लावलं."

मग मी सगळं सांगितलं, गोधडीपासून. माझं इंग्रजी पाचवीचं, त्यात घास, ऊब, उपाशी हे शब्द नव्हते. जिथे शब्द संपले तिथे करून दाखवलं. गोधडी पांघरली, थंडीने कुडकुडलो, गोधडीला भरवलं, घाम पुसला. एक शिपाई हसला तसा साहेबाने त्याच्याकडे बघितलं.

साहेबाने वाकून पोळी जवळनं बघितली. मग म्हणाला, ठीक. ही म्हणते ते खरं असेल तर हिनेच भोक बुजवावं, आणि भरल्यावर हिनेच माझ्यासोबत वर यावं. शिवणाऱ्याच्या मनात खोट असेल तर तो टोपलीत पाय ठेवणार नाही. तोवर या दोघी शेजारणी इथेच, पहाऱ्यात.

आत्याने ऐकून घेतलं. येते म्हणाली. मग माझ्याकडे बोट केलं, "फक्त हा पण येणार. मला साहेबाची भाषा येत नाही."

मला कुणी विचारलंच नाही.

ठिगळ तिने दोन दिवस लावून शिवलं, तिसऱ्या दिवशी रोगण वाळलं, चौथ्या दिवशी फुगा भरला. आत्याने नऊवारीचा काचा घट्ट मारला आणि बैलगाडीत चढावं तशी चढली. दोर सुटला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा खाली खाडी चांदीच्या पट्टीसारखी, दुर्गाडीचा बुरूज पाटाएवढा, डोंबिवलीकडची खाचरं म्हणजे आत्याच्याच पिशवीतले गोधडीचे चौकोनी तुकडे. साहेबाने मलंगगड दाखवला. मी टोपलीची कड न सोडता ते मराठीत सांगितलं. आत्याने मलंगगड बघितलाच नाही. ती मान वर करून तिच्या ठिगळाकडे बघत होती. दोर संपला, टोपलीला हिसका बसला, ठिगळ ढोलाच्या कातड्यासारखं ताणलं, आणि एक टाका हलला नाही. मग तिने पहिल्यांदा खाली पाहिलं.

"आपल्या न्हाणीवरची तीन कौलं फुटलीत," ती म्हणाली. "आणि तुझा बाप म्हणतो छप्पर ठीक आहे."

खाली उतरल्यावर साहेबाने शिपायांना जायला सांगितलं आणि शेजारणींना घरी सोडलं. मग त्याने मला विचारलं, मुंबईत असाच कुजका दुसरा फुगा पडून आहे, ती शिवील का. आत्या म्हणाली, शिवीन, पण उपाशी सोडणार नाही. साहेबाने उंदराची आठवण करून दिली. दोघांचं बरंच वाजलं, दोन्हीकडनं मीच भांडत होतो. शेवटी आत्यानेच तोड काढली. घास टिपेला नुसता लावायचा, आणि मग ज्याचा जीव वर जाणार त्याने तो तिथेच, सगळ्यांदेखत खायचा.

साहेबाने टोपी काढली आणि हात पुढे केला. आत्याने कनवटीतनं पोळीचा तुकडा काढून फुग्याला लावला आणि वरनंच, स्पर्श न होऊ देता, त्याच्या हातावर टाकला. त्याने डोळे बारीक करून तो चावला, गिळला, आणि मला हळूच विचारलं, फुगा मोठा आहे, एका घासाने त्याचं भागतं का.