शेततळ्याचा दोर

मी भित्री बाई आहे, यावर आमच्या घरात सगळ्यांचं एकमत आहे. एरवी ह्या घरात चहात साखर किती टाकायची यावरही एकमत होत नाही. लेक शाळेच्या गाडीत बसली की गाडी फाट्याच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी दारातून हलत नाही. धाकट्याला नुसती शिंक आली तरी माझा हात त्याच्या कपाळावर जातो. सासूबाई म्हणतात, "आमी पाच लेकरं वाढवली, कवा आसं हात लावून बघितलं न्हाई." त्यांनी सात जन्माला घातली होती, हे त्या सांगत नाहीत. मीही बोलून दाखवत नाही.

माझी सगळ्यात मोठी भीती म्हणजे आमच्या रानातलं शेततळं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात, पडलेला माणूस कुठंतरी हात घालतो. शेततळं म्हणजे जमीन खोदून केलेला मोठा चौकोनी खड्डा, आणि त्याला चारही बाजूंनी तळापर्यंत काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला. उतारावर शेवाळ धरतं. आत गेलेलं कुत्रंसुद्धा वर येत नाही. पंजे मारत राहतं, घसरत राहतं आणि दमून बुडतं. आमचं असं एक कुत्रं गेलं होतं. तेव्हापासून मी तारेच्या कुंपणासाठी नवऱ्याच्या डोक्याशी किरकिर लावली. तो दर वेळी म्हणायचा, "पुढच्या साली करू." शेवटी मी अबोला धरला, तेव्हा त्यानं काठावर लोखंडी खुंटी ठोकून एक जाड दोर बांधला आणि गाठी मारून त्याचं टोक पाण्यात सोडलं. कुणी पडलंच तर धरायला काहीतरी असावं म्हणून. कुंपणाच्या जागी दोरावर माझी बोळवण झाली.

हे झालं त्या वर्षी लेक तिसरीत होती आणि धाकटा नुकताच पहिलीला गेला होता.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या केजकडच्या भागात येळवस असते. त्या दिवशी गावात कुणी राहत नाही, सगळं गाव रानात. ज्वारीच्या कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील असं दिवसभर जेवण. वाटेनं जाणारा ओळखीचा असो की नसो, त्याला हाताला धरून बसवायचं. एका कोपीत जेवून उठलेला माणूस दुसऱ्या कोपीत पुन्हा जेवतो, कारण नाही म्हणायची सोय नाही. मला हा सण लई आवडायचा. आवडायचा म्हणते, कारण आता त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

सासऱ्यांचा गावात वट आहे, त्यामुळं आमच्या कोपीवर पाहुण्यांची रीघ असते. त्या दिवशी तर घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत होती. तालुक्याहून दोन जीपगाड्या भरून माणसं आली होती. मी डोक्यावरचा पदर सांभाळत वाढत होते. नवं काठपदराचं लुगडं, बाजूला चुलीचा धूर, आणि पुढं सासऱ्यांची पंगत. त्यांच्यासमोर माझा पदर तोवर कधी खांद्यावर आला नव्हता.

आंबिलीचं मडकं उचलायला वाकले आणि समोर लिंबाच्या झाडाला बांधलेला झोका दिसला. येळवशीला पोरांसाठी झोका बांधतातच. लेक धाकट्याला झोके देत होती, दोघं खिदळत होती. मीही हसले असते, पण झोक्याच्या दोराला गाठी होत्या.

मी मडकं तसंच ठेवलं आणि दिराला गाठलं. "भावजी, तळ्याचा दोर सोडून आणलाव का तुमी?"

"मंग? दुसरा दोर कुठं हाय? एक दिस झोका खेळू द्या की लेकरायला. सांच्याला बांधतो परत."

"आत्ताच्या आत्ता बांधा."

ह्यावर माझा नवराच मध्ये पडला. "आगं, एवढी मानसं हायती रानात. तळ्याकडं जायलंय कोण? सणाच्या दिवशी कावून किरकिर करायलीस?"

पाहुण्यांपैकी एकजण हसला. सासूबाईंनी डोळ्यांनी दटावलं. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली, पण पंगत ताटकळली होती. मी लेकीला जवळ बोलावलं आणि तिचा दंड धरून सांगितलं, "पाण्याकडं जायचं न्हाई. बारक्याला जाऊ द्यायचं न्हाई. बारक्या तुझ्या हवाली हाय, ध्यानात ठेव." घरात आम्ही त्याला बारक्याच म्हणतो. तिनं मान हलवली. ही पोर मान हलवते ना, तेव्हा ती शब्द मोडत नाही. कपबशी फुटली तर धाकटा मांजरावर ढकलतो, ही स्वतः येऊन सांगते.

त्यानंतर दोन पंगती उठल्या. प्रत्येक वेळी वाढता वाढता मी लिंबाकडं बघत होते. झोका दिसायचा, पोरं दिसायची, मी पुढच्या ताटाकडं वळायचे. मग एकदा बघितलं तर झोक्यावर दुसऱ्याच कुणाची तरी पोरं होती.

"बारक्या कुठंय?"

कुणाला माहीत नव्हतं. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. त्या ज्वारीत मोठा माणूस शिरला तरी दिसत नाही, मग सहा वर्षांचं पोर काय दिसणार? मी हाका मारायला लागले. पंगतीतली माणसं बसल्या जागेवरून मला समजावत होती. "ताई, येळवशीला लेकरू हरवत न्हाई. कुणाच्या तरी कोपीत जेवत आसंल." खरंच होतं ते. येळवशीला आमच्याकडे कुणी लेकरू शोधतच नाही. प्रत्येकाला वाटतं, ते दुसऱ्याच्या पानावर बसलंय. पण माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी इतकी ओरडायला लागले की शेवटी नवरा उठला, दीर उठले, चार गडी ज्वारीत घुसले. मी चिंचेच्या बांधाकडून हाका मारत निघाले. हाक मारली की कान देऊन थांबायचे, आणि दुसऱ्या बाजूनं कुणाच्या तरी कोपीतलं हसणं ऐकू यायचं.

"घावला! घावला!" दिराचा आवाज आला. बारक्या त्यांच्या खांद्यावर बसला होता. शेजारच्या रानात खतासाठी धनगराच्या मेंढ्या बसवल्या होत्या. पठ्ठ्या कोकरू बघायला गेला, तिथल्या बाईनं त्याला खीर वाढली, आणि हा ओठांना खीर फासून आरामात बसला होता. सगळ्यांना हसू फुटलं. "काखेत कळसा आन गावाला वळसा," सासरे म्हणाले. पाहुणे पुन्हा मांडी घालून बसले. नवऱ्यानं माझ्याकडं असं बघितलं, की बघ, सांगितलं नव्हतं का.

मी बारक्याला खाली उतरवून घेतलं. त्याचं तोंड पदरानं पुसलं. मला रडू येत होतं आणि राग तर असा आला होता की त्याला एक ठेवून द्यावी. तेवढ्यात तो म्हणाला, "ताई कुठंय?"

मी मान वर केली. इतकी माणसं. सगळी हसणारी, जेवणारी. त्यात माझी लेक नव्हती. आम्ही सगळे एकाला शोधत होतो, आणि दुसरी कधी निघून गेली हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

इतरांना ती कुठं गेली असेल ते सुचलं नसतं. मला क्षणभरही वेळ लागला नाही. बारक्या हरवल्यावर ती ज्वारीत जाणार नव्हती, कोपीकोपीत जाणार नव्हती. मीच तर तिला तिसरं वर्ष लागल्यापासून तळ्याची भीती घोटून पाजली होती.

मी पळाले. बारक्याला तसंच टाकून पळाले. वाटेत हरभऱ्यात पडले, उठले, चप्पल तिथंच राहिली. मागून नवरा ओरडत होता, "आगं काय झालं?" सांगायला श्वास नव्हता.

तळ्याचा काठ चढून गेले. ती आत होती.

छातीभर पाण्यात, उतारावर पाठ टेकून, पाणी उपसायच्या मोटारीच्या पाइपाला एका हातानं धरून उभी. उभी कसली, पायाखाली काहीच नव्हतं, नुसती लोंबकळत होती. दुसरा हात पाण्यात घालून चाचपत होती. पौषातल्यासारखी थंडी, ओठ निळे पडलेले. आणि खुंटी रिकामी.

"पोरी! हलू नको!"

तिनं वर बघितलं. "आई, बारक्या खाली गेलाय. मला दिसंना गेलाय."

"न्हाई गं माय, तो सापडला! तो वर हाय!"

मी काठावर आडवी झाले. हात पुरत नव्हता, निम्मासुद्धा नाही. खाली उतरले असते तर दोघी गेलो असतो. मागून माणसं धावत येत होती, सासरे, पाहुणे, दीर, सगळे. मी उठले, निऱ्या ओढल्या आणि लुगडं फेडलं. त्या सगळ्यांसमोर. एक टोक मनगटाला गुंडाळलं आणि दुसरं तिच्याकडं फेकलं. ते तिच्या खांद्यावर जाऊन पडलं.

"धर! पाइप सोड आन लुगडं धर!"

तिनं धरलं नाही.

"तू मला वर काढाय म्हणून खोटं बोलायलीस," ती म्हणाली. दात वाजत होते. "बारक्या खाली हाय. मी लक्ष ठेवलं न्हाई."

मी आयुष्यात इतकी कशालाच घाबरले नाही, जितकी तिच्या त्या शांत बोलण्याला घाबरले. पाइपावरची बोटं एकेक करून सरकताना मला दिसत होती. मी शपथा घातल्या. देवाची, तिच्या बापाची, माझी. ती नुसती नाही-नाही म्हणून डोकं हलवत होती. नवरा माझ्याजवळ येऊन आडवा झाला, त्यानं लुगडं धरलं, तोही ओरडला, "बारक्या हाय गं, जिता हाय!" बापावरही तिचा विश्वास बसेना.

"त्याला आणा इथं!" मी किंचाळले. "बारक्याला आणा!"

सासूबाई त्याला कडेवर घेऊन कशाबशा काठावर पोचल्या. गुडघेदुखीची बाई, तो चढ त्यांनी कसा चढला देव जाणे. त्यांनी त्याला दोन्ही हातांनी धरून उंच केलं.

"ताई," तो म्हणाला, "मी खीर खाल्ली."

लेकीनं त्याच्याकडं बघितलं. नीट, डोक्यापासून पायापर्यंत. मग पाइप सोडला आणि लुगडं धरलं.

आम्ही ओढलं. प्लॅस्टिकवरून ती सरसरत वर आली, तिच्या कोपराची कातडी सोलली गेली. मी तिला छातीशी घेतलं तेव्हा कळलं की बाप्ये सगळे पाठ करून उभे आहेत आणि मी परकर-पोलक्यावर आहे. सासूबाईंनी त्यांची घोंगडी माझ्या अंगावर टाकली. त्या एवढंच म्हणाल्या, "देव तारी त्याला कोन मारी." मी म्हणाले, "आत्याबाई, खुंटीचा दोर देवानं नव्हता सोडला." पहिल्यांदाच त्यांना असं उलट बोलले.

पाहुणे जेवण अर्धवट टाकून गेले. येळवशीला पाहुणा अर्ध्या पानावरून उठला, असं आमच्या रानात कधी झालं नव्हतं. सासऱ्यांनी एका शब्दानं मला काही म्हटलं नाही, आणि पुढं कधी माझ्या लुगड्याचा विषयही निघाला नाही. दीर लिंबाखाली जाऊन झोक्याचा दोर सोडत बसले. त्यांना एकही गाठ सुटत नव्हती. नवरा काठावरच बसून राहिला, हाक मारली तरी उठेना. त्याच आठवड्यात तारेचं कुंपण झालं. पुढच्या सालाची वाट बघावी लागली नाही.

चुलीपुढं मी लेकीचे केस पुसत होते. तिनं दूध प्यायलं, बारक्यानं त्याच्या ताटातला उंड्याचा तुकडा तिला दिला, तोही खाल्ला. रडली नाही. पार सगळं शांत झाल्यावर मला म्हणाली, "आई, बारक्या खरंच बुडाला आसता, आन मी येकटीच वर आले आसते, तर तू मला घरात घेतलं आसतं का?"

"आगं," मी म्हणाले, "हे काय इचारतीस? तू माझी लेक हायस. तुझ्याबिगर मी जगले आसते का?"

"मंग तू त्याला माझ्या हवाली कावून केलं?"

मी तिला जवळ ओढलं, तिच्या डोक्यावर तोंड ठेवून रडले. तिनंच माझ्या पाठीवरून हात फिरवला.

त्यानंतर मी तिला भावावर लक्ष ठेव असं एकदाही म्हटलेलं नाही. घरात कुणाला म्हणू देत नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं तर मी अंगावर जाते, मग समोर कुणीही असो. तिला मी दहादा सांगितलं आहे, त्याची काळजी माझी आहे, तू खेळ. ती मान हलवत नाही. शाळेची गाडी फाट्यावर थांबते, दोघं उतरतात, आणि ती त्याचं मनगट धरून घरापर्यंत आणते. तो हिसडे देतो, ओरडतो, ती सोडत नाही. रोज संध्याकाळी त्याचे हातपाय धुताना मनगटावर तिच्या बोटांचे वळ दिसतात, आणि मी त्यावर पाणी ओतत राहते.