सगळे व्हॉल्व नापास

आमच्या ह्यांना ऐकू कमी येतं, हे त्यांच्याखेरीज सगळ्या गल्लीला माहीत होतं. जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाला ते कबूल करणं जड जाणारच. पूर्वी नुसत्या घरघरीवरून कुठला व्हॉल्व, म्हणजे रेडिओतला काचेचा दिवा, थकलाय ते सांगायचे. पुढे दुरुस्त केलेले रेडिओ 'खरखर तशीच आहे' म्हणून परत यायला लागले, तेव्हा स्वारी जुन्या बाजारात व्हॉल्व तपासायचा टेस्टर शोधायला निघाली. मीही सोबत गेले, नाहीतर अख्खा बाजार घरी आला असता.

तिथे दोन टेस्टर होते. छोटा, नीटनेटका माझ्या मनात भरला. ह्यांनी उचलला तो दुसरा, लोखंडी धोंडा. छोटा म्हणे व्हॉल्वमध्ये धुगधुगी आहे की नाही एवढंच सांगतो. मोठा मात्र व्हॉल्व काम किती करतो ते मोजतो. माणसांसाठी असलं यंत्र निघालं तर पहिला नंबर कोणाचा लावायचा, असं मी विचारलं. ते ऐकू आलं नसावं, किंवा आलं असावं.

घरी आल्यावर सोहळाच सुरू झाला. तक्त्यात बघून बटणं लावायची, कारण व्होल्टेज चुकलं की व्हॉल्व जळालाच. आधी टिचकी मारून आतले भाग एकमेकांना चिकटत नाहीत ना ते बघायचं. मग कळ दाबायची आणि काट्यावर डोळे लावून बसायचं. काटा लाल पट्ट्यात. दुसरा व्हॉल्व, तोही लाल. संध्याकाळपर्यंत ह्यांनी चांगले म्हणून जपलेले डबाभर व्हॉल्व नापास झाले. ह्यांचा चेहरा उतरला. जेवताना म्हणाले, आता दुकान आवरावं, आपल्याला खरं-खोटं कळेनासं झालंय. थट्टा करते मी, पण हा माणूस हातावर हात ठेवून बसलेला मला बघवला नसता.

सकाळी स्वयंपाकघरातला रेडिओ नेहमीसारखा खणखणीत वाजत होता. मी तो बंद केला, गार होऊ दिला आणि ह्यांच्यापुढे नेऊन ठेवला. यातलाही एक तपासा म्हटलं. काटा लालमध्येच.

"मग हा रोज वाजतो कसा?" मी विचारलं.

त्यांनी टेस्टर पालथा करून उघडला. त्याच्या पोटात त्याचा स्वतःचा एक व्हॉल्व असतो, यंत्राला वीज पुरवणारा. तोच दमला होता. म्हणजे मास्तर आजारी आणि नापास मात्र पोरं. बरीच शोधाशोध करून तसा व्हॉल्व मिळाला, आणि डब्यातले बहुतेक सगळे हिरव्या पट्ट्यात आले.

आता स्वारी कॉलर ताठ करणार असं मला वाटलं. पण ते कळेवर बोट ठेवून नुसतेच बसले होते.

"तो रेडिओ खणखणीत वाजतो, हे तुझ्यामुळे कळलं," ते म्हणाले. "मला वाजतोय एवढंच कळायचं. काटा मी बघतो. खरखर तू ऐकशील का?"

आणि त्यांनी शेजारचं स्टूल रिकामं केलं. मी गॅस बंद करून आले आणि बसले.