वाकड्या चाव्यांचे मेस्त

खोका उघडला की आमचे सुतार, म्हणजे मेस्त, फळ्यांकडे बघतसुद्धा नसत. आधी स्क्रूंची पिशवी चाचपायची, तिच्यातली छोटी वाकडी चावी काढायची, तिच्यावरून अंगठा फिरवायचा आणि पेन्सिल खोचावी तशी ती कानावर अडकवायची. काम संपलं की म्हणायचे, "टाकू नको गो. माका व्हयी. हयसरच ठेय."

सुट्या फळ्यांच्या फर्निचरबरोबर येणारी ही चावी तुमच्याही खणात असेल. जोडणी एकदाच, चावी जन्मभर. मालवणात माझ्या सहा खोल्या पर्यटकांसाठी आहेत, त्यामुळे माझ्याकडे अशा एकवीस चाव्या साठल्या होत्या. मी याद्या करणारी बाई. 'चाव्यांचे उपयोग' अशीही यादी केली. मोरीची जाळी साफ करणे : चावीच आत पडली. खोलीच्या किल्लीला अडकवणे : पाहुणे तीच कुलपात घालू लागले. बरणीतला मसाला मोकळा करणे : खाऱ्या हवेने चावी गंजली, मसाला फुकट गेला.

मेस्तांनी उमेदीच्या काळात सागवानाची दारं केली होती. हल्ली लाकूडकाम कोणी देत नसे. खोक्यातलं फर्निचर जोडणं आणि पाहुण्यांनी खिळखिळ्या केलेल्या खाटा आवळणं, एवढंच हातात उरलं होतं. "ह्या तरी रवांदे," म्हणायचे.

अशात मी कुडाळहून चाव्यांचा अख्खा संच आणला. प्रत्येकीवर आकडा कोरलेला! जुन्या सगळ्या भंगारवाल्याला दिल्या, यादीत बरोबरची खूण केली आणि दिवसभर स्वतःवर खूश राहिले.

पुढच्या आठवड्यात मेस्त खाटा आवळायला आले. मी संच पुढे केला. त्यांनी एकेक चावी चाचपली.

"माझ्यो खंय आसत?"

"भंगारात दिलंय. मेस्तांनु, ह्यांच्यावर नंबर आसत. वाचा मां."

त्यांनी एक चावी डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. अंदाजाने लावून पाहिली. बसली नाही. दुसरीही नाही.

"नंबर दिसणा नाय गो," ते हळूच म्हणाले. "लाकडार रेघ मारूक नजर व्हयी. चावयेक नको. लांब ती खाटीची, आखूड ती कपाटाची, बोटांका म्हायत होता." मग दाराकडे तोंड करून म्हणाले, "कोणाक सांगू नको. दिसणा नाय म्हटल्यार ह्या पण काम कोण देवचो नाय."

तीन वर्षं हा माणूस माझ्या घरात काम करत होता. त्यांच्या प्रत्येक कामाची माझ्याकडे तारीखवार नोंद होती. तेवढीच होती.

भंगारवाल्याचं गोदाम कसालला. मी स्कूटर काढली आणि तिथल्या ढिगात डोकं घातलं.

"ताई, सोन्याच्या होत्या काय?" त्याने विचारलं.

"नाय रे. मीच शानी होतंय."

संध्याकाळी अकरा चाव्या घेऊन परतले. मेस्तांनी ओंजळीत घेऊन निवडल्या. "ह्यो सात तुझ्यो. ह्यो तीन सायकलीच्यो. आणि ह्या काय?"

तो खिडकीचा हूक होता.

त्या दिवसापासून जोडणीचा कागद मी वाचायचा आणि हात त्यांनी चालवायचे, असं ठरलं. त्या कागदावर अक्षरं नसतात, नुसती चित्रं. माझी पंचाईत व्हायची.

"चौथ्या चित्रात माणूस हसता."

"तो हसतलोच. तेका खंय जोडूचा आसा!"

डावी-उजवी मी हमखास चुकायचे. मेस्त भोकावर बोट फिरवून म्हणायचे, "बाये, तुका दिसता मां?" पाहुणे टकमक बघायला लागले तर मीच मोठ्याने सांगायचे, "मला वाचून दाखवायची हौस, म्हणून मेस्त ऐकून घेतात." यावर कोणीही चटकन विश्वास ठेवत असे.

मे महिन्यात त्यांची मुलगी त्यांना म्हापशाला घेऊन गेली. उरलीसुरली नजरही गेली होती. सातही चाव्या रुमालात बांधून त्यांनी बरोबर नेल्या.

परवा शेजारची रोझीबाय आली. तिच्याकडे नवं कपाट आलं होतं.

"तुझे मेस्त खंय गो? हल्ली येणत नाय ते?"

"गोंयात. मोठा काम गावला."

"ह्या वयात?"

"हातच तसो आसा त्यांचो."

"मगे माझ्या कपाटाचा काय?"

"मी येतंय."

कागद, आकडे कोरलेला संच आणि कामाची यादी घेऊन मी गेले. चार तास लागले. दार भिंतीच्या बाजूला उघडतं, त्यामुळे कपडे काढायला रोझीबायला आडवं वळावं लागतं. मी दिसले की ती ऐकवते, "मेस्त आसते तर असा झाला नसता."

मी मान डोलावते.