मेलबर्न ते कसबा बावडा, दोऱ्याने

आमच्या साडूंइतक्या ठामपणे चुकणारा माणूस उभ्या कोल्हापुरात नाही, आणि असलाच तर तो त्यांच्याकडूनच शिकून गेला असणार. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पण हा गृहस्थ कसबा बावड्यातल्या आपल्या घराच्या पुढच्या सोप्यात बसून मला अंतरं शिकवतो. स्वतः कधी विमानात पाऊल ठेवलेलं नाही. एकदा विमानतळाच्या कुंपणाबाहेरून विमान पाहिलं, तेव्हा "एवढं बारकं? वडापच्या जीपएवढी तरी माणसं बसत्यात का ह्यात?" असं म्हणून परत आले.

अंतराच्या बाबतीत त्यांचा एकच कायदा. मुलगी द्यायची ती सकाळी निघून दिवेलागणीला माहेरी पोचेल अशाच गावात. तासाभराच्या वाटेवरच्या वारणानगरचं चांगलं स्थळसुद्धा त्यांनी "लांब पडतंय" म्हणून मोडलं आणि मुलगी शेजारच्या उचगावात दिली. त्याच जावयाला वर्षाच्या आत मेलबर्नला नोकरी लागली! दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. ह्यांनी भिंतीवर जगाचा नकाशा ठोकला आणि मेव्हणीच्या गजऱ्याचा दोरा घेऊन मेलबर्न ते मुंबई मोजायला सुरुवात केली. दोरा फार लागतोय असं दिसल्यावर बाजारातून छोटा नकाशा आणला. मग अंतर त्यांच्या मनासारखं भरलं.

पुढे तिकिटावरच्या वेळा हाती लागल्या. मेलबर्नहून सकाळी निघालेलं विमान त्याच दिवशी संध्याकाळी मुंबईत, आणि इथून सकाळी निघालेलं मात्र तिथं पोचेपर्यंत दुसरा दिवस. दोन्ही घड्याळांची वजाबाकी करून साडूंनी शोध लावला. "पावणं, जाताना चढ हाय, येताना उतार. माहेरच्या वाटंला उतारच असतोय की!" मी कपाळावर हात मारला.

ही करमणूक अशीच चालली असती, पण मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून साडू हटून बसले, तर तिथल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, एवढा लांबचा प्रवास नको. पोरीचं येऊ की नको चाललेलं. साडूंचा मला फोन. "तुमी भूगोलाचं मास्तर. तिला सांगा, लांब न्हाय म्हणून. तुमचं ऐकंल ती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तसाच उठून बावड्याला गेलो आणि एक मोसंबं नि बॅटरी घेऊन त्यांच्यासमोर बसलो. मोसंबं ही पृथ्वी, बॅटरी हा सूर्य. मेलबर्नला सूर्य आधी उगवतो, आधी मावळतो. घड्याळंच वेगळी, म्हणून येतानाचा वेळ कमी दिसतो. विमानात बसावं लागतं ते दोन्हीकडून जवळपास सारखंच. साडू पुढे सरकून बसले. मोसंबं हातात फिरवत राहिले.

"म्हंजे तिच्याकडं अंधार पडतोय तवा आमी हितं दुपारचं लोळत असतोय?"

"हो."

"मग सांजंला एकटीला भ्या वाटलं, तर आमाला कळत बी न्हाय की."

मेव्हणीने फोन लावून दिला. पलीकडून मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली, "पप्पा, येऊ का नको मी?"

साडूंनी नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. "नगो बाळ. लई लांब हाय. तुझी आईच येईल तिकडं."

माझ्या ऐकण्यात ते पहिल्यांदाच बरोबर बोलले, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. निघताना मी मुद्दाम "उचगावपेक्षा वारणानगरच जवळ" असं एक धडधडीत चुकीचं विधान केलं, निदान भांडायला तरी उठतील म्हणून. ते नुसतं "व्हय" म्हणाले आणि मी चपला घालेपर्यंत दारात उभे राहिले.