नवरीची खुशी

आमचं वऱ्हाड मध्य प्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. माझ्या लग्नाचा हिरवा चुडा भरायला देऊळघाटचे मणियार चाचा आले. त्यांचं नाव कधी कुणी विचारलंच नाही. अंगणात सोडलेली त्यांची घोडी सारखी नाचत होती.

आत्या वैतागली, "काऊन नाचते हो हे?"

चाचा पांढऱ्या दाढीत हसले. "तिले समजलं ना बाई, मी खुश आहो. काल मले नात झाली. या वयात मी नाचलो तर लोक हासतीन, म्हणून ते नाचून राह्यली."

नवरीनं मान खाली घालून रडवेलं बसायचं, असं आत्यानं बजावलं होतं. मी ओट्यावर तशीच बसले होते. पण दाराआडून नवरा पाहिल्यापासून मला आतून नुसतं हसू येत होतं.

तेवढ्यात घोडी थेट ओट्याशी आली, माझ्या खांद्यावर तोंड ठेवून फुरफुरली आणि दुप्पट जोरानं नाचायला लागली.

"माझी खुशी तर तिनं सकाळीच नाचून संपवली," चाचा म्हणाले, "हे नवरीची दिसते!"

मी तोंडात पदर कोंबला, तरी हसू फुटलंच. आत्यानं डोळे वटारले.

आई म्हणाली, "भरा चाचा. हासू द्या तिले."