सावत्र ओळ

बटाट्याच्या त्या संशोधन केंद्रात टोपीमावशींना ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्यांना वचकून नाही असाही नव्हता. नवऱ्याची जुनी रुंद काठाची टोपी हनुवटीखाली नाडीने बांधून त्या सकाळी सातच्या ठोक्याला फाटकात हजर व्हायच्या. नवरा शिंपी. नाडी त्यानेच लावून दिली होती, "डोकं उडालं तर उडू दे, टोपी सांभाळ," असं म्हणत. कागदोपत्री मावशी शेतमदतनीस होत्या. पण बत्तीस वर्षं एकाच जमिनीवर काढल्यावर माणूस कागदात थोडाच मावतो! एकदा तर खुद्द मोठ्या साहेबांना त्यांनी फाटकातून परत पाठवलं होतं, कारण साहेबांच्या बुटाच्या टाचेला बाहेरचा चिखल होता.

नियमच तसे होते तिथले. कुंपण दुहेरी, फाटकं दोन. आत जाताना आणि बाहेर पडताना बूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे, एप्रन आतच खुंटीला ठेवायचा. आतला बटाटा, आतलं पान, आतलं बी बाहेर जाता कामा नये. उरलंसुरलं सगळं आतच जाळायचं किंवा उकळून पुरायचं. कारण तिथे वाढत होता तो बटाटा साधा नव्हता, त्याच्या मुळातच बदल केलेला होता.

"तुमच्या बटाट्यात म्हणे बेडकाचं काहीतरी घातलंय?" धाकट्या जाऊबाईंनी एकदा भाजी चिरता चिरता विचारलं.

"बेडूक कुठला आलाय!" मावशी म्हणाल्या. "डोंगरात एक रानबटाटा असतो. गोटीएवढा, कडूजहर, कुणी तोंडात धरत नाही. पण करप्याच्या रोगाला तो भीक घालत नाही. त्याचा तेवढा एक गुण काढून आपल्या बटाट्याला दिलाय. आजोळचा गुण उतरला म्हण ना."

"मग रीतसर लग्न लावायचं होतं दोघांचं."

"लग्न लावलं की कडूपणाही येतो सोबत. तो घालवता घालवता माणसं म्हातारी होतात. डॉक्टरांनी नुसता गुण आणला, सासर-माहेर काही नको."

"आणि पुढेमागे काही भलतंच निघालं तर?"

"म्हणून तर दुहेरी कुंपण आहे बाई. उगाच का मी साहेबांचे बूट तपासते?"

डॉक्टर म्हणजे पानांच्या डॉक्टर. मावशींच्या मुलीच्या वयाच्या. घराच्या दारावरची पाटी वाचून लोक गुडघे दाखवायला यायचे आणि बाई बिचाऱ्या त्यांना दोन गल्ल्या पलीकडच्या दवाखान्याचा रस्ता सांगायच्या. या बटाट्यापायी त्यांची अकरा वर्षं गेली होती. जगाचं पोट भरणार वगैरे मोठाल्या गोष्टी कुणी काढल्या की त्या चष्मा पुसत म्हणायच्या, "एका बटाट्यानं जगाचं पोट भरत नाही हो. पण पिकलेलं सडू नये आणि मातीत विष कमी जावं, एवढं झालं तरी पुष्कळ." मावशींना हे बोलणं फार आवडायचं. फुशारकी नाही, गुळमुळीतपणाही नाही.

मावशींचं स्वतःचं कारण वेगळं होतं. त्यांचा थोरला भाऊ जन्मभर बटाटा पिकवत होता. हवा ढगाळ आणि दमट झाली की पानांवर काळे डाग पडतात, तो करपा. वेळेत आवरला नाही तर आठवड्याभरात सगळं शेत काळं आणि जमिनीतला बटाटा पिचपिचीत. म्हणून भाऊ पाठीवर पंप बांधून एका हंगामात बारा-बारा, पंधरा-पंधरा फवारण्या करायचा. जेवायला बसला तरी हातांना औषधाचा वास. दादा हात पुढे करायचा आणि त्याची लेक मागे सरायची, हे मावशींनी डोळ्यांनी पाहिलं होतं. शेवटची काही वर्षं तो धापा टाकत अंगणात बसून असायचा. ते औषधानंच झालं असं कुणी सांगितलं नाही, मावशींनीही तसा आळ कधी घेतला नाही. पण फवाऱ्याशिवाय उभा राहणारा बटाटा त्यांना बघायचा होता, अगदी जीव तोडून बघायचा होता.

नव्या बटाट्याच्या चाचणीचं ते तिसरं आणि शेवटचं वर्ष होतं. सहा वाफे. प्रत्येक वाफ्यात नव्या बटाट्याची एक ओळ आणि तिच्या शेजारी जुन्या, नेहमीच्या बटाट्याची एक. दोन्हींना पाणी सारखं, खत सारखं, फवारणी कुणालाच नाही. करपा येऊ द्यायचा आणि कोण टिकतं ते बघायचं. जुनीला कागदावर ‘तुलनेची ओळ’ म्हणत. मावशींनी तिचं नाव ठेवलं सावत्र ओळ. "तिचं कुणी काही करायचं नाही, नुसतं मरताना बघायचं. सावत्र नाही तर काय?" सगळे हसले आणि तेच नाव पडलं. पहिली दोन वर्षं हे वाफे दुसऱ्या एका गड्याकडे होते, तो निवृत्त झाला. यंदा ते मावशींकडे आले.

इथेच घोडं पेंड खायला लागलं.

मावशी लहानपणापासून बटाट्याच्या शेतात वाढलेल्या. डागाचं पान दिसलं की खुडायचं आणि खिशात टाकायचं, ही सवय बोटांना लागलेली. डोळ्यांनी डाग पाहिला की डोक्याला कळायच्या आत बोटांचं काम झालेलं असायचं. पहिल्या आठवड्यात त्यांना पत्ताच नव्हता. एप्रन खुंटीला अडकवताना खिसा फुगलेला दिसला तेव्हा त्या चपापल्या. दुसऱ्या आठवड्यात पत्ता होता, पण मन वळवायला माणसाला कितीसा वेळ लागतो? एक-दोन पानांनी काय होतंय! बिचारीकडे बघवत नाही. तिसऱ्या आठवड्यात तर त्या ठरवून अर्धा तास आधी यायला लागल्या. खुडलेली पानं मात्र जाळायच्या पिंपातच टाकायच्या. नियम म्हणजे नियम!

दर सोमवारी डॉक्टर ओळींमधून फिरून शंभरात किती पानं करपली त्याचे आकडे लिहायच्या. एरवी या सुमाराला जुनी ओळ काळीठिक्कर पडलेली असायची. यंदा ती हिरवीगार नसली तरी तग धरून होती. डॉक्टर वही बघायच्या, ओळ बघायच्या, पुन्हा वही बघायच्या.

"मावशी, यंदा करपा कमी आहे का हो?"

"असेल बाई," मावशी म्हणाल्या आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकल्या. नाडी बांधलेलीच होती.

मग परवानगी देणाऱ्या समितीचे तिघे जण आले. मावशी चहा घेऊन खोलीत गेल्या तेव्हा त्यांच्यातले टकले गृहस्थ आकड्यांवर पेन्सिल आपटत होते. "जुना बटाटा फवारणीशिवाय एवढा टिकतोय, तर नव्याची गरज काय? दोघांत फरक आहे कुठे? अशा निकालावर पुढची परवानगी देता येणार नाही. काम इथेच थांबवावं लागेल." डॉक्टरांनी कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

ट्रे तिथेच ठेवून मावशी बाहेर आल्या आणि नळापाशी उभ्या राहिल्या. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. बोललं तर बत्तीस वर्षांच्या नावावर पाणी, तेही निवृत्तीला दीड वर्ष असताना. आणि त्याहून वाईट म्हणजे ही पोरगी आपल्याकडे कोणत्या डोळ्यांनी बघेल? दोन मिनिटं त्यांनी विचार केला. तेवढाच. मग टोपी काढून हातात घेतली आणि परत आत गेल्या.

"बाई, करपा कमी नाहीये. मी जुन्या ओळीची पानं खुडत होते. रोज."

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. "मावशी, वर्ष गेलं माझं," त्या एवढ्या हळू म्हणाल्या की ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुम्हाला माहीत होतं ना, हात लावायचा नाही म्हणून?"

"माहीत होतं. बघवलं नाही."

टकले गृहस्थ कागद गोळा करायला लागले. तेवढ्यात डॉक्टरांनी मान वर केली.

"आणि नव्या ओळीतली? तिथली किती खुडलीत?"

मावशी गोंधळल्या. खरं सांगायचं तर हा विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता. त्या आठवत राहिल्या. एकच पायवाट, डाव्या हाताला जुनी ओळ, उजव्या हाताला नवी. रोज तीच बोटं, तेच डोळे.

"एकही नाही," त्या म्हणाल्या. "तिथं खुडण्यासारखं काही नव्हतंच."

कागद गोळा करणारे टकल्या गृहस्थांचे हात थांबले. "याला पुरावा म्हणत नाहीत," ते म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. पण त्यांनी कागद पुन्हा टेबलावर पसरले. तासाभराने आणखी एक हंगाम मिळाला. डॉक्टरांनी अहवालात झाली ती चूक जशीच्या तशी लिहिली, मावशींना समोर बसवून वाचून दाखवली आणि त्याखाली त्यांची सही घेतली. नोकरी राहिली, पण मोठ्या साहेबांनी लेखी ताकीद दिली. बुटांची परतफेड झाली म्हणायची.

पुढच्या हंगामात मावशींनी स्वतःच सांगितलं, "बाई, मला त्या वाफ्यांवर ठेवू नका. माझा माझ्यावर भरवसा नाही."

"तुम्हीच राहायचं," डॉक्टर म्हणाल्या. "चुकलं तर येऊन सांगणारं माणूस दुसरं कुठून आणू?"

नवऱ्याने एप्रनचे खिसे शिवून बंद करून दिले. सहा आठवडे मावशी हात पाठीमागे बांधून त्या वाटेने चालल्या. आधी डाग पडले, मग पानं वळली, मग देठ काळे झाले. डॉक्टर शेवटच्या आठवड्यात बैठकीला परगावी गेल्या होत्या, म्हणून शेवटचा आकडा लिहायचं काम मावशींवर आलं. जुन्या ओळीपुढे त्यांनी शंभर लिहिलं, नव्या ओळीपुढे चार.

डॉक्टर परत आल्या, तशाच प्रवासाच्या कपड्यांत कचेरीत शिरल्या आणि वही उघडून उभ्या राहिल्या. कितीतरी वेळ त्यांनी पान उलटलं नाही. शंभरच्या आकड्यावर शाई थोडी पसरली होती.

"मावशी, रडलात का?"

"रडले," मावशी म्हणाल्या. "पण हात नाही लावला."