ट्रेलरवर नाही, चालत

ह्यांना जाऊन आज एक वर्ष झालं, आणि आज सकाळी मी ह्यांची गाडी विकली.

सकाळपासून फोन येतायत. म्हणून एकदाच इथे सांगते.

ज्यांनी ती कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी: जुनी अमेरिकन गाडी. लेफ्ट हँड ड्राइव्ह. सायीच्या रंगाची, लांबलचक, मागे माशासारखे पंख. आत सोफ्यासारख्या लाल सीट. माझ्या सासऱ्यांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली होती. मुरबाडची पोरं तिला होडी म्हणायची.

लग्न होऊन मी या होडीतूनच आले. कल्याणची, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी, भातगिरणीच्या घरात.

चारचौघांत मी ह्यांना 'अहो' म्हणायचे.
गाडीत मात्र 'सुधाकर'. काचा वर करून.

गावात कुणाच्याही मुलीचं लग्न असो, कुठल्याही वाडीतलं, नवरी आमच्या गाडीतून जायची. हे स्वतः चालवायचे. लग्नसराई नसेल तेव्हा दर रविवारी सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंत एक फेरी.

सासूबाई म्हणायच्या, "काही काम नसताना किती पेट्रोल पाजतोस रे तिला?"
"आई, बैल गोठ्यात बसला म्हणून आपण पेंड बंद करतो का?"

हॉस्पिटलमध्ये शेवटी शेवटी बोलायला त्रास व्हायचा. तरी मला जवळ बोलावून म्हणाले, "विकलीस तरी चालेल. उभी करू नकोस तिला."

मला ती चालवता येत नाही. निखिल, माझा मुलगा, पुण्यात. म्हणजे विकणं आलंच.

निखिलनेच जाहिरात देऊन गिऱ्हाईक शोधलं. शहापूरजवळ हायवेवर रिसॉर्ट आहे, त्याचे मालक. गेटजवळ काचेची शेड बांधणार, लाइट सोडणार, पाहुणे आत बसून फोटो काढणार.

"आई, धूळ नाही, उंदीर नाही. वाटेल तेव्हा जाऊन बघ. आणि पैसेही चांगले देतायत."
मी म्हटलं, "आधी येऊन चालवून बघू दे त्यांना."

ते आले ते ट्रेलर घेऊनच.

"चालवायची कशाला, मॅडम? गेटवर तर ठेवायची आहे. इंजिन काढलं तरी चालेल आम्हाला."

मी गाडीत जाऊन बसले आणि दार आतून लावून घेतलं.

सगुणाबाई आमच्या शेतावर माझ्या लग्नाच्याही आधीपासून आहेत. त्या खिडकीशी चहा घेऊन आल्या.
"घ्या, बाय. उतरू नका तुमी."
मग मालकांकडे वळल्या. "दादा, जत्रेतून चालता बैल टेम्पोत घालून नेतात ना, तो नांगराला नाय जात. आमाला म्हाईत हाय तो कुठं जातो."
"मावशी, ही गाडी आहे."
"मंग? ती पन चालतेच ना?"

फोनवर निखिल. "आई, लोक ताटकळलेत. उतर ना."
"चावी माझ्याकडे आहे, निखिल. आणि मी गाडीत आहे."

जेवणाची वेळ झाली. सगुणाबाईंनी भाकरी खिडकीतून दिली.
ट्रेलर रिकामा परत गेला.

निखिल दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी जाहिरातीत एक ओळ वाढवली: 'गाडी चालवत न्यावी लागेल.' फोन बरेच कमी झाले.

मग शहापूरहून एक बाई आल्या. बँकेत ऑफिसर आहेत, नवऱ्यासोबत आल्या होत्या. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "काकू, हिला काय आवडत नाही?"
इतक्या लोकांत हे कुणीच विचारलं नव्हतं.
"घाई," मी म्हटलं.

त्यांची आई आमच्या बुद्धवाडीतली. याच गाडीतून सासरी गेलेली. "आई अजून सांगते, सीट इतकी मऊ होती की रडायचंच विसरले."

मी मागे बसले, त्या चालवायला. दोनदा बंद पडली. नवरा म्हणाला, "अगं, मी बघू का?"
"तुम्ही गप्प बसा."
तिसऱ्यांदा निघाली ती थेट सिद्धगडाच्या पायथ्याशी थांबली. रविवारच होता.

आज त्या न्यायला आल्या. नणंद म्हणाली, "वर्षश्राद्धाच्या दिवशी कुणी व्यवहार करतं का?"
मी करते. ह्यांनी सांगितलेलं काम आहे.

बॉनेटला हळद-कुंकू लावलं. निखिल पहाटेच पुण्याहून निघून आला होता. त्याने नारळ फोडला. इंजिन सुरू झालं तेव्हा हळूच म्हणाला, "आवाज मस्त आहे गं अजून."

आमच्याकडे बैल विकला तरी त्याचं दावं देत नाहीत. घेणारा स्वतःचं दावं आणतो. जुनं घरात राहतं.

गाडीची चावी ह्यांनी आमच्या शेवटच्या बैलाच्या दाव्याच्या तुकड्यात ओवलेली. गाठ ह्यांची, सुटता सुटेना. सगुणाबाई कोयता घेऊन आल्या. मी नको म्हटलं. केसातली पिन काढली आणि सोडवत बसले. सगळे थांबले. थांबू देत.

सुटली.

चावी शहापूरच्या बाईंच्या हातात दिली. त्यांनी पर्समधून लाल गोफ काढला, त्यात ओवली. आईने सांगून पाठवलं होतं.

गाडी फाटकातून स्वतःच्या चाकांवर बाहेर पडली आणि शहापूरच्या रस्त्याला लागली.

आज काचा खालीच आहेत. पहिल्यांदाच सगळ्यांसमोर नावाने हाक मारते.

सुधाकर, ती चालत गेली.
दावं घरात आहे.
आता तू निर्धास्त जा.